एकेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मध्ये

एकेचाळीस झालं, त्रेचाळीस झालं आणि मध्ये एक दार उरलं.

पाट्या लावणारी मुलगी दोन पावलं मागे सरकून रस्त्यात उभी राहिली. घरांना नवे नंबर देण्याच्या कामावर लागून तिला दोन महिने झाले होते. ऑफिसात तिला सगळे शंकासूर म्हणत. विषम आकडे डाव्याच बाजूला का, कोपऱ्यावरचं घर स्वतःला नेमकं कुठल्या रस्त्याचं समजतं, पाडलेल्या घराचा नंबर जातो कुठे, असलं काहीतरी तिच्या डोक्यात चालता चालता येई. साहेब म्हणत, "बाई, दार दिसलं की पाटी ठोका. दाराशी गप्पा मारू नका."

त्रेचाळीसचे गृहस्थ आपली नवी पाटी रुमालाने पुसत होते.

"काका, हे मधलं दार कुणाचं?"

"आमचंच. अडगळीची खोली आहे. दार वर्षानुवर्षं बंद आहे. तुम्ही पुढे व्हा."

मुलगी पुढे झाली नाही. दाराशेजारची खिडकी बोटभर उघडी होती आणि तिच्यातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

"काका, तुमच्या अडगळीला भूक लागलेली दिसते."

गृहस्थ हसले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी असतात तिथे. भाऊ गेल्यापासून. पण आमच्यातच आहेत हो त्या. येणं-जाणं आमच्याच घरातून. उगाच वेगळी पाटी लागली तर लोक म्हणतील, घर फुटलं. इतकी वर्षं झाकली मूठ आहे, राहू द्या."

मुलीने वही उघडली. नियम दोन ओळींचा होता. रस्त्याकडे उघडणारं दार हवं आणि चूल वेगळी हवी. दोन्ही असतील तर नंबर वेगळा. तिने तो वाचून दाखवला. जरा मोठ्यानेच वाचला.

"झालं तर मग," गृहस्थ म्हणाले, "दार उघडतच नाही. प्रश्नच मिटला."

तेवढ्यात आतून ठण् असा आवाज आला. पाठोपाठ आणखी एक. कुणीतरी गंजलेल्या कडीवर बत्ता हाणत होतं. फळ्या हादरल्या, रंगाचे पोपडे पायरीवर पडले आणि दार अर्धं उघडून अडलं. त्याला गुडघ्याने रेटत साठीच्या एक बाई बाहेर आल्या. घामेजल्या होत्या. बत्ता अजून हातातच होता.

"चूल वेगळी आहे," त्या मुलीला म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली. लिही."

"वहिनी, तुम्ही आत व्हा. मी बोलतोय ना."

"भाऊजी, नऊ वर्षं तुम्हीच बोलताय." बाईंच्या आवाजात राग नव्हता. "मी शिवणावर जगते. तुमच्यावर भार नाही. पण माझं पत्र येतं तेसुद्धा तुमच्या नावाचं शेपूट लावून. तुम्ही ते फोडता, वाचता आणि मग मला देता. मनाने वाईट नाही तुम्ही, म्हणून कधी बोलले नाही."

गृहस्थांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "घरच्या माणसाचं म्हणून फोडतो," ते पुटपुटले.

मुलगी पेन हातात धरून उभी होती. भाऊबंदकीत पडायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. कुणाची हरकत असली तर तसा शेरा मारायचा आणि पुढच्या घराला लागायचं. शेरा मारलेले कागद ऑफिसच्या कपाटात कसे झोपतात, ते तिने पाहिलं होतं. शेरा न मारला तर आपली नोकरी किती दिवस राहील, हा हिशेबही तिचा मनात करून झाला. तरी विचारणं भागच होतं.

"काका, तुमची हरकत लिहू का?"

गृहस्थांनी वहिनींकडे पाहिलं. मग बत्त्याकडे, मग पायरीवरच्या पोपड्यांकडे. पलीकडे एक सायकलवाला थांबून बघत होता, त्याच्याकडेही पाहिलं.

"नंबर कोणता पडेल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अलीकडच्या घराचा नंबर आणि पुढे अ. एकेचाळीस अ."

"म्हणजे त्रेचाळीसशी काहीच नातं नाही?"

"आकड्यांत नाही, काका."

"मग सरळ बेचाळीस का नाही गं?" बाईंनी विचारलं.

"बेचाळीस समोर राहतो, काकू."

बाई खुदकन हसल्या. गृहस्थांनाही हसू येऊ लागलं होतं. ते त्यांनी रुमालात खोकून घालवलं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "तसं लिहा."

मुलीने भोकं पाडली, चार स्क्रू पिळले, पाटी हलत नाही ना हे अंगठ्याने दाबून बघितलं. बाईंनी बत्ता काखेत धरला आणि नंबरावरून एकदा बोट फिरवलं.

"आता मी आत जाते," त्या म्हणाल्या. "कुणीतरी जरा दार वाजवून बघा. आत ऐकू येतं का, ते तरी कळू दे."

दार कुरकुरत लागलं. मुलीने हात उचलला, पण गृहस्थ मध्ये आले. त्यांनी रुमाल खिशात कोंबला, सदरा खाली ओढून सारखा केला आणि बोटांनी तीनदा टकटक केलं.

आतून सावकाश पावलं वाजली.

"कोण आहे?"

गृहस्थांनी तोंड उघडलं आणि थांबले. एकदा आपल्या पाटीकडे वळून पाहिलं.

"मी," ते म्हणाले. "त्रेचाळीसमधून आलोय."