उजवं चाक

उतारावर ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. तुळजापूरचा घाट अजून अर्धा उरला होता. कृष्णराजने दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं आणि शेजारी बसलेल्या धुळाप्पा मिस्त्रीकडे पाहिलं. म्हातारा डोळे मिटून बसला होता, कीर्तन ऐकायला आल्यासारखा.

त्याने पाय काढायला सांगितलं. पाय काढला, थरथर गेली. दाबायला सांगितलं. दाबला, पुन्हा सुरू.

"ब्रेकवरच हलतंय. चाकाचा दोष न्हाय, चल माघारी," धुळाप्पा म्हणाला.

हे तिसरं गॅरेज. पहिल्याने चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं होतं, दुसऱ्याने स्टिअरिंगखालचे सांधे बदलले होते. शेवटी दोघांनीही बारा वर्षांच्या गाडीचं वय काढून हात झटकले. पण कृष्णराजला थांबायला वेळ कुठे होता? त्याच्या बायकोला, सोनालीला, नववा महिना लागला होता. दवाखाना सोलापूरला, आणि बेंबळीहून सोलापूरला जायचं तर हा घाट उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गेल्या तपासणीला तिने सगळा घाट दोन्ही हातांनी पोट धरून काढला होता. खाली आल्यावर एवढंच म्हणाली, की कळा सुरू झाल्या तर ती एसटीने जाईल. तेव्हापासून तो जेवतही उभ्या उभ्याच होता.

गॅरेजात धुळाप्पाने गाडी जॅकवर घेतली, पुढचं उजवं चाक काढलं आणि ब्रेकची डिस्क उघडी केली. तिला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावून ती हाताने हळूहळू फिरवली. खर्र. मग गप्प. मग पुन्हा खर्र, त्याच जागी. डिस्क वाकली होती. सहा महिन्यांपूर्वीच नवी टाकलेली. डावीही वाकली होती, पण कमी.

काढून ठेवलेल्या चाकावरून त्याने बोट फिरवलं. पाण्याचे पांढरे ओघळ वाळले होते, आणि कडेला कुंकवाचा डाग होता. गाडी घरी पोचल्या पोचल्या कोण धुतं, असं त्याने विचारलं. कोणीच नाही, रविवारी मीच धुतो, असं कृष्णराज म्हणाला.

"धुतंय कुणीतरी. तापल्या डिस्कवर गार पाणी पडतंय. तापल्या तव्यावर पाणी मारलं तर तवा सरळ ऱ्हातो का?"

कोण ते कृष्णराजला कळलं.

घरी बैल होते तेव्हा रानातून आलेल्या बैलांच्या पायांवर त्याची आई, द्वारकाबाई, तांब्याभर पाणी घालायची. बैल गेले, गाडी आली, पाणी तेवढं राहिलं. गाडी दारात थांबते न थांबते तोच ती पुढे. आधी उजव्या चाकावर, उरलेलं डाव्यावर, मग कुंकवाचं बोट. तो हसून सोडून द्यायचा. सोनालीला दिवस गेले आणि तांब्याच्या जागी कळशी आली. गाडी थरथरते हे कानावर आल्यापासून तर आईने दोन कळश्या सुरू केल्या होत्या.

"आज दोन्ही डिस्क नव्या टाकून देतो," धुळाप्पा म्हणाला. "पण घरात सांग. न्हायतर बारशाच्या आत परत येशील."

परतीच्या वाटेवर त्याने कारण नसताना दहा वेळा ब्रेक दाबून पाहिला. मागच्या मोटारसायकलवाल्याच्या शिव्याही खाल्ल्या. स्टिअरिंग जरासुद्धा हललं नाही. तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आईला काय सांगायचं ते तो मनात जुळवत होता. दर वेळी सुरुवात गोडीने व्हायची आणि शेवट रागावर जायचा.

ती दारातच उभी होती, कळशी कमरेवर घेऊन. दुसरी कळशी उंबऱ्याशी भरून ठेवलेली. तो खाली उतरलाच नाही. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने तिला थांबवलं.

"आई, चाकावर पाणी घालायचं न्हाय आता. कधीच न्हाय."

मग त्याने सगळं सांगितलं. वाकलेली डिस्क, तवा, घाट. आवाज ऐकून सोनालीही कमरेवर हात ठेवून दारात आली. आई भांडेल, देवाधर्माचं काढेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. ती भांडली नाही. तिने चाकाकडे पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पार उतरला.

"म्हंजे म्याच..." ती म्हणाली. तिने विचारलं, "मग म्या काय करू?"

तिला सोलापूर माहीत नव्हतं, डॉक्टरचे कागद वाचता येत नव्हते. गाडी वळणाआड गेली की तिच्या हाती एवढं पाणीच तर उरायचं. ती कळशी घेऊन तशीच उभी राहिली, खाली ठेवावी की नाही हेही तिला सुचेना. त्याला स्वतःच्या तयार रागाची लाज वाटली.

त्याने गाडीचं दार उघडलं आणि बसल्या जागी फिरून दोन्ही पाय बाहेर सोडले. चपला काढल्या. पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

"इथं घाल," तो म्हणाला.

द्वारकाबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग कळशी वाकवली. पाणी गार होतं. दिवसभर ब्रेकवर ठेवलेल्या पायाची पोटरी अजून उडत होती.

"उजव्यावर जास्त घाल, आई. ब्रेक ह्याच पायानं मारतो म्या."