धुतलेला पडदा

पनवेलच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरैय्याचं घर. खिडकीला बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा होता. एसटी आणि बैलगाड्यांच्या धुळीनं काड्यांमधल्या फटी पार बुजल्या होत्या. नवरा, हसन, दुकानाला निघाला की ती पडद्याआड उभी राहायची, पण चार पावलांतच तो दिसेनासा व्हायचा.

"एकदा काढून धुवा ना हा. वळणापर्यंत तरी दिसाल."

"मी कुठं पळून चाललोय? ईदला धुतो."

असं म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. या ईदला मात्र त्यानं खरंच स्टूल घेतलं, पडदा उतरवला आणि विहिरीवर नेऊन काथ्यानं काडी न् काडी घासली. वाळल्यावर परत टांगताना म्हणाला, "घे. आता बघत बस."

तिसऱ्या दिवशी पहाटे हसनच्या छातीत कळ आली, ती शेवटचीच. दुपारी जनाजा उचलला. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून सुरैय्या नेहमीसारखी पडद्याआड उभी राहिली.



हसन तिला वळणापर्यंत दिसला.