समुद्रावरची हजेरी

रेडिओवर एकही आवाज नव्हता. शिडाच्या होड्यांतून दूर समुद्रात गेलेल्यांची रोजची दुपारची हजेरी पेंडुरकर घरूनच या रेडिओवरून घेत. त्यांतल्या एका होडीवर त्यांचा मुलगा ओजस एकटाच मालदीवहून परतत होता.

“अहो, ओजस बोलत का नाही?” कुमुदताईंनी विचारलं.

“कोणीच बोलत नाहीये. सूर्यावर भडका उडालाय. त्याने आकाशातला वरचा थर भारला जातो, आपल्या लहरी तिथेच जिरतात. तासाभरात येतील आवाज.”

“तुमचा रेडिओ बिघडला, की खापर सूर्यावर.” तरी त्या जरा सावरल्या आणि तिथेच भाजी निवडत बसल्या.

तासाभराने लांबून पहिली होडी बोलली. मग दुसरी, मग बाकीच्या. पेंडुरकर हसत एकेकाची हजेरी घेत गेले. शेवटी त्यांनी ओजसला हाक दिली. उत्तर आलं नाही. पुन्हा दिली.

रेडिओवर एकदम शांतता पसरली.

“परत सूर्यच ना?” कुमुदताईंनी आशेने विचारलं.

“नाही,” ते हळूच म्हणाले. “बाकीचे गप्प झालेत. त्याचा आवाज क्षीण असला, तरी ऐकू यावा म्हणून.”