सगळ्याला हो

कॅन्टीनमध्ये हर्षलच्या टेबलाशी आज कुणीच बसलं नाही. पगाराला आठ दिवस होते म्हणून त्यानं मोबाइलमधल्या ॲपवरून खोलीभाड्यापुरते पाच हजार उचलले होते. पगार लांबला, आणि वसुलीवाल्यांनी त्याच्या फोटोवर ‘चोर’ लिहून तो त्याच्या फोनमधल्या नंबरांना पाठवायला सुरुवात केली. सुपरवायझरला, घरमालकाला, होणाऱ्या सासऱ्यालासुद्धा.

तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला. त्यानं मान खाली घालून उचलला.

“जेवलास का? जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझे पैसे मी फेडले.”

“तू? कुठून आणलेस?”

“त्या वसुलीवाल्या पोरानंच मला कर्ज काढून दिलं. तेच ॲप मोबाइलात कसं टाकायचं, फोनवर नीट शिकवलं. आई म्हणत होता मला.”

हर्षलनं हातातला घास ताटात परत ठेवला. “फोनमधले नंबर बघू का, असं विचारलं त्या ॲपनं?”

“काय काय विचारत होतं. मी सगळ्याला हो म्हटलं.”

आई वीस वर्षं गावात भिशी चालवत होती. चाळीस बायका नुसत्या तिच्या शब्दावर दरमहा पैसे ठेवून जायच्या. त्या साऱ्यांचे नंबर गेल्या दिवाळीत हर्षलनंच तिच्या मोबाइलात नावानिशी भरून दिले होते.