बोलका नमुना

पार्लरमध्ये नव्याने कामाला लागलेल्या बाईचे केस मालकिणीने फुकटात तांबूस रंगवले, कमरेपर्यंत खोट्या केसांची एक्स्टेन्शन्स लावली आणि ऐन उन्हाळ्यात भर दुपारी तिला गिऱ्हाइकं बोलवायला दाराबाहेर उभं केलं.

"मॅडम, निदान स्कार्फ तरी बांधू द्या."

"केस झाकलेस तर लोक काय तुझं तोंड बघायला थांबणार?" मॅडम खेकसल्या.

महिन्याभरात रंग उडाला, केसांचा अक्षरशः झाडू झाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा आत जाऊन ती ओरडली, "बघा, काय दशा केलीत माझी!"

मॅडमनी तिला प्रेमाने खुर्चीत बसवलं आणि चारी बाजूंनी फोटो काढले. आता तरी केस नीट करून देतील, असं तिला वाटलं.



दुसऱ्या दिवशी दाराच्या काचेवर तिचाच हातभर फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'स्वस्तातल्या पार्लरमध्ये गेलात, तर असं होतं!'