दातांमधली राखीव जागा

"माझ्या नातीच्या दातांत सुई शिरायची नाही!" तांडेल आजोबा अख्ख्या बंदरावर सांगत सुटले होते. जन्मभर होड्या बांधलेला माणूस. फळ्यांत फट दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, आणि पाच वर्षांच्या जुईच्या दुधाच्या दातांत तर फटीच फटी. म्हणून त्यांनी दात सरकवणारी पेस्ट आणली. तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे यंत्रकिडे रात्रभर खपायचे. महिन्याभरात फटी गायब!

दोन वर्षांनी दुधाचे दात पडायला लागले आणि पक्के दात आले ते एकमेकांच्या मांडीवर बसूनच. वरचे-खालचे जुळेनात. जुईला पेरू चावता येईना. पोर तोंडावर हात धरून हसायला लागली.

"आजोबा, त्या फटी म्हणजे मोठ्या दातांसाठी धरलेली जागा होती," दातांच्या डॉक्टर मुल्लाबाई म्हणाल्या. "तुम्ही सीटवरचा रुमालच उचलून फेकलात की!"

बाईंनी उलटी पेस्ट दिली, जागा करणारी. हळूहळू दात रांगेला लागले. जुईने पेरूचा कचकन लचका तोडला आणि हात न धरता खदखदून हसली, तेव्हा आजोबा ताजी सुरमई घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले.

"बाई, पोरीचं हसू परत दिलंत. कसे उपकार फेडू?" त्यांचे डोळे भरून आले होते.

घरी बाईंनी दिलेल्या ट्यूबमध्ये थोडी पेस्ट उरली होती. एवढं गुणाचं औषध टाकायचं कसं? आजोबांनी ट्यूब कात्रीने कापली आणि आठवडाभर पुरवून पुरवून स्वतःचे दात घासले.

सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्या तोंडात मोठे दात यायला भरपूर जागा झाली.