भिंतीपलीकडचा वर्ग

भिंतीपलीकडून पुन्हा हसण्याचा आवाज आला आणि थोरल्या जावेच्या पोटात दुखायला लागलं. दुखणारच. वीस वर्षं फ्रेंच शिकवत होती ती, आणि आज तिच्या ऑनलाइन वर्गाला तिघंच आली होती, तीही कॅमेरे बंद करून. येत्या सोमवारी दहाजण दिसले नाहीत तर वर्ग बंद, असं संस्थेने कळवून टाकलं होतं.

शेजारच्या खोलीत धाकटी जाऊ ऑनलाइन फ्रेंचच शिकवायची. शिकली होती तीही थोरलीकडेच.

"माझीच माणसं फोडली असणार हिने," थोरली नवऱ्याला म्हणाली.

"मग जाऊन बघ की," तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

तिने बघितलंच. 'नवीन' असं नाव टाकून, कॅमेरा बंद ठेवून ती धाकटीच्या वर्गात शिरली, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बेकरीवाला, नर्सबाई, ती बडबडी शिवणवाली... तिच्याकडून गळालेले सगळेच्या सगळे इथे! बेकरीवाल्याने तर तिच्या वर्गात महिनाभर तोंड उघडलं नव्हतं. इथे गडी हातवारे करून बोलत होता. चुका म्हणाल तर पावलोपावली. धाकटी एक चूक धरेल तर शपथ! म्हणे आधी बोलणं संपू दे, चुकांचं मग बघू. असले लाड केल्यावर गर्दी होणारच, थोरली मनाशी म्हणाली.

"आता ते मोठं वाक्य," धाकटी बेकरीवाल्याला म्हणाली. "सोमवारी तुम्हीच म्हणणार आहात ना?"

त्याने घसा खाकरला, फ्रेंचमध्ये सुरुवात केली आणि तिसऱ्याच शब्दाला घसरला.

वीस वर्षांची सवय. माइक कधी चालू केला ते थोरलीचं तिलाच कळलं नाही.

"थांबा. चुकलं. पुन्हा पहिल्यापासून."

आवाज माइकमधून आला, भिंतीतूनही आला. सगळ्यांनी तो बरोबर ओळखला. बेकरीवाल्याचा चेहरा पडला, हात कॅमेरा बंद करायला सरकला.

धाकटी रागावली नाही. "ताई," ती म्हणाली, "एवढं एक वाक्य संपू द्या त्यांचं."

थोरलीने ओठ दाबून धरले. बेकरीवाल्याने अडखळत, धापा टाकत, चार चुका करत एकदाचा शेवट गाठला:

"बाई, आम्ही सगळे तुमच्या वर्गात परत आलोय."